प्रकाशापेक्षा हळू

घाटंजी,
गुरुवार

प्रिय शाल्मली,

थप्प! नदीच्या पलीकडे दगडावर धुणं आपटल्याचा तो जुना आवाज आज सकाळपासून कानात आहे. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस. पलीकडच्या बाईनं कपडा आपटून पुन्हा वर उचललेला असायचा, आणि आवाज मग यायचा. माझा सदरा ओढून तू विचारलंस, "बाबा, आवाज मागून काहून येते?" मी मराठीचा मास्तर, मला काय सांगता येणार! तुला तसंच उचलून शेजारी धम्मरत्न सरांकडे नेलं. ते आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे.

त्यांनी सांगितलं, उजेड पुढे धावतो, आवाज मागे रखडतो. "अन् उजेडाच्या पुढं कोण?" ही तू. "कोणीच नाही पोरी. त्याच्या पुढं काहीच जाऊ शकत नाही." मला राहवलं नाही. म्हणालो, मन जातं. आत्ता इथे, आत्ता चंद्रावर. कविता शिकवताना मी वर्गात हेच सांगायचो आणि पोरं माना डोलवायची. सर हसले, "वामनराव, तुमचं बरं आहे. मराठीत मोजून पाहा लागत नाही!" आणि तू, एवढीशी, ओसरीवर पाय हलवत म्हणालीस, "मन कुठी जात नाही बाबा. ते घरीच बसून राह्यते." आई इतकी हसली की हातातलं वरणाचं पातेलं तिला खाली ठेवावं लागलं. तिच्या हसण्याचा आवाज मला नीट आठवत होता. आता आठवायला वेळ लागतो.

इथे ऊन फार आहे. रस्ता रुंद करताना दारचा कडुनिंब चैत्रात कापला, हे आईनं तुला रडत सांगितलं होतंच. तेव्हापासून ऊन थेट उंबऱ्यापर्यंत येतं. तिकडे चिलीत, दोन वर्षं वाट पाहिल्यावर, त्या डोंगरावरच्या दुर्बिणीतून तारे पाहायला तुझा नंबर लागला, अजून पाच रात्री तुझ्या आहेत. तूच मला समजावलं होतंस, की उजेड वाटेत असेपर्यंत विझलेला तारासुद्धा दिसत राहतो. मला ते तेव्हा एखाद्या ओळीसारखं गोड वाटलं होतं.

तू गेल्यापासून सहा वर्षं आई रोज सकाळी दारातल्या रांगोळीचा फोटो पाठवायची. गेले नऊ दिवस ते मी पाठवले, तिच्या फोनमधले जुने, रोज एक. तू फोन केलास तेव्हा तिच्या नावानं 'घसा बसलाय' असंही मीच लिहिलं. आजचा फोटो निवडताना मी फक्त रांगोळी पाहिली. तू सावली पाहिलीस. 'आई, ठिपक्यांवर कडुनिंबाची सावली कशी? झाड तर कापलं ना?' त्यानंतर सोळा वेळा फोन वाजला. मी तो उशीखाली दाबून ठेवला आहे.

शाल्मली, घरात सुतक आहे, म्हणून दारात रांगोळी नाही. आई मागच्या मंगळवारी गेली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, तिथे माझा हात धरून म्हणाली, "तिचा नंबर लागला आहे. आत्ता सांगाल तर सारं सोडून येईल. तिचं होऊ द्या, मग सांगा." मी हो म्हणालो. फोनवर तुला त्याच क्षणी कळलं असतं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, तिकडे पत्र जायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस तुझी आई तुला असू दे, असं वाटलं. पण खरं सांगू? तिच्या शब्दापेक्षा माझी भीतीच मोठी होती. तू विचारशील, आणि मला ते तोंडानं म्हणावं लागेल. चाळीस वर्षं पोरांकडून खणखणीत आवाजात कविता म्हणून घेतल्या, आणि हा एक शब्द माझ्या घशातून निघत नाही. तिला शेवटचं पाहायचा तुझा हक्क मी घेतला. त्याची माफी मागावी, असं तोंडही मला नाही.

तुझाच, एकट्यापुरता चहा अजून न जमणारा,
बाबा

ता. क. दार वाजलं म्हणून खिडकीतून पाहिलं. धम्मरत्न सर आहेत! रिटायर होऊन कळंबला गेले, सात-आठ वर्षांत इकडे फिरकले नाहीत; त्यांनाही मी काही कळवलं नव्हतं. भर उन्हात स्टँडवरून चालत आलेले दिसतात, सदरा भिजलाय. "वामनराव, दार उघडा. पोरगी सकाळपासून मले फोन करून राह्यली," म्हणतात. फोन त्यांनी पुढे धरला आहे, पडदा दाराकडे. त्यात तू आहेस. दार उघडलं की तुला माझं भादरलेलं डोकं दिसेल.

उघडतो.