स्वस्त लाकडी खुर्ची, मस्त लाकडी खुर्ची

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते, कारण विचारपूस करायच्या मनःस्थितीत मी नाही. पत्र संगणकावरून गेलं तरी मायना सोडायचा नाही ही अप्पांची शिस्त, म्हणून तेवढी पाळते आहे.

अप्पा गेले त्याच्या आधी मला दर फोनला सांगायचे, की तुझ्यासाठी एक खुर्ची केली आहे. कशी आहे विचारलं की हसायचे, हात लावलास की कळेल म्हणायचे. आता महिनाअखेरीला तू त्यांचा कारखाना रिकामा करून देणार, उरलेल्या सगळ्या खुर्च्या विकायला काढल्यास, आणि मला कळवतोस की तुझी कुठली ते मला ठाऊक नाही, वेबसाइटवर सगळ्यांचे फोटो आहेत, बघून घे. आंधळ्या बहिणीला बघून घे म्हणणारा भाऊ शोधून सापडायचा नाही.

तरी बघितलं. माझ्या संगणकातली बाई पान वाचून दाखवते. फोटो आला की त्याच्यामागे लिहून ठेवलेलं वर्णन वाचते. डोळसांना ते दिसत नाही, ते आमच्याचसाठी असतं. पहिल्या खुर्चीला बाई म्हणाली, "स्वस्त लाकडी खुर्ची, मस्त लाकडी खुर्ची, सर्वोत्तम लाकडी खुर्ची." दुसरीलाही तेच. चाळीसेक खुर्च्या आणि एकच पोपटपंची. शेवटी अप्पांचा फोटो असावा, कारण खाली त्यांचं जन्मवर्ष आहे. त्यालाही बाई "स्वस्त लाकडी खुर्ची" म्हणाली. मी हेडफोन टेबलावर आपटला. रुग्णालयाच्या आमच्या टेलिफोन कक्षात एवढी शांतता कधी झाली नव्हती.

मला इतक्यात सुट्टी मिळत नाही, नाहीतर येऊन एकेक खुर्ची चाचपली असती. तेव्हा प्रत्येक खुर्ची कशी आहे ते लिही. माझी मी ओळखेन. मुलांना जवळ घे.

तुझ्यावर संतापलेली,
ताई

दि. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बायकोने आधी वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे, त्याबद्दल आभारी आहे.

ते शब्द माझे नाहीत. वेबसाइटच्या सल्लागाराने सांगितलं, की लोक जे शब्द टाकून शोधतात ते फोटोमागे जितके कोंबाल तितकं दुकान वर दिसेल. मी कोंबले. गिऱ्हाईक काही आलं नाही, ते वेगळं. पण तिकडे बसून रागावणं सोपं आहे, ताई. इथला भुसा मी झाडतो. अप्पांना शेवटी रोज उचलून बसवायचो तो मीच.

आणि खरं सांगू का, तशी खुर्ची आहे की नाही याचीच मला शंका आहे. शेवटी ते काहीही बोलायचे. कारखान्याचं छप्पर बदललं म्हणाले होते, ते जुनंच गळतं आहे. फोटोचं म्हणशील तर तो मीच काढलेला, तोही बिघडलेला. डोळे मिटलेले आले आहेत. दुसरा नव्हता म्हणून टाकला.

राग गिळून लिहिणारा,
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, थोडे कमी.

अप्पांना उचलून बसवलंस हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण त्यांनी खुर्ची केली नाही असं पुन्हा लिहू नकोस. छपराचं ते तुला बरं वाटावं म्हणून बोलले असतील. माझ्याशी ते कधी खोटं बोलले नाहीत.

तुझा सल्लागार मात्र मठ्ठ आहे. शोधयंत्राला फोटो त्याच्यामागचे शब्द वाचूनच नीट कळतो, म्हणजे तेही जवळपास माझ्याच पंगतीतलं. एकच शब्द दहादा कानीकपाळी ओरडलास की त्यालाही कळतं हा फसवतो आहे, आणि ते तुला मागे ढकलतं. पाठदुखीचा माणूस "उंच पाठीची खुर्ची" शोधेल. "मस्त खुर्ची" कोण शोधतं? फोटोंच्या फाइलींना नावं म्हणून नुसते आकडे आहेत, तिथेही खुर्चीचं नाव घाल. आणि फोटो इतके जड आहेत, की पान उघडेपर्यंत माझे दोन फोन घेऊन होतात. हलके कर.

मग एकेक खुर्ची पुढ्यात घे, उलटीपालटी कर, आणि आहे तेच लिही. सुंदर लिहू नकोस, आकर्षक तर मुळीच नको. दोष असेल तर तोही लिही.

वाट बघणारी,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहिलं. सगळ्या खुर्च्यांचं लिहिलं, पाठ मोडली. फोटो हलके केले, फाइलींना नावं दिली, सल्लागाराला रामराम ठोकला. अप्पांच्या फोटोचं तेवढं राहिलं आहे, काय लिहावं सुचत नाही.

तुझ्या हुकुमाप्रमाणे दोषही लपवलेले नाहीत. एका हातांच्या खुर्चीला उजव्या हाताच्या आतल्या कडेला दोन पितळी खिळ्यांची डोकी वर राहिली आहेत. अप्पांचा हात शेवटी थरथरायचा, दुसरं काय. ती सवलतीत टाकली आहे. उद्या पॉलिशवाला येईल, तो खिळे उपटून भोकं बुजवेल.

आता बाईला सगळं वाचायला सांग. तुझी खुर्ची त्यात नसेल तर हा विषय कायमचा मिटवू.

दमलेला,
धाकटा

दि. ११ मार्च, लगेच

धाकट्या,

पॉलिशवाल्याला त्या खुर्चीच्या जवळ फिरकू देऊ नकोस. मायना नंतर.

आपल्या घरच्या जिन्याच्या कठड्याला आतून हात लावून बघ. शेवटची पायरी यायच्या आधी दोन खिळे आहेत. माझ्या खोलीच्या चौकटीला आहेत, न्हाणीच्या कडीपाशी आहेत. माझी नजर गेली त्या वर्षी अप्पांनी ठोकले. जिथे दोन खिळे लागतील तिथे माझं काहीतरी आहे, असं आमचं ठरलं होतं. तुझा हात तिथे कधी गेला नाही, कारण तुला दिवा पुरायचा. त्याबद्दल मी रागावणार नाही. पण तू त्याला दोष म्हणालास, धाकट्या. त्यांनी थरथरत्या हाताने ठोकले आणि तू ते सवलतीत काढलेस.

मी ती खुर्ची विकत घेतली आहे, तुझ्याच दुकानातून, आत्ता. पत्त्याखाली सूचनेची जागा होती. तिथे लिहिलं आहे, की दुकानदाराने स्वतः आणून द्यावी. उरलेला राग समोरासमोर काढीन.

ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी ऑर्डर रद्द केली. तुझीच वस्तू तुला कशी विकू? रविवारी खुर्ची घेऊन येतो. मनसोक्त राग काढ, मी उलट बोलणार नाही.

पॉलिशवाल्याला दारातूनच परत पाठवलं. मग अप्पांच्या फोटोमागे लिहायला बसलो. काढला मी, पण नीट पाहिला आज पहिल्यांदाच. बाईला वाचायला सांग. मला ते तुला फोनवर सांगता येणार नाही. तिथे लिहिलं आहे: "अप्पा हातांच्या खुर्चीत बसले आहेत. डोळे मुद्दाम मिटलेले. उजव्या हाताची बोटं आतल्या कडेवरचे दोन खिळे शोधत आहेत. सापडले आहेत, कारण ते हसत आहेत."

तुझा,
धाकटा