तांबडी घोडी वहिनीच्या हवाली

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, शिक्षण चौथी, धंदा इमारतींना परांची बांधणे, हे स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचा दाब नाही. मागल्या आठवड्यात सोबतचा गडी सातव्या मजल्यावरून पडून गेला. त्याचं मागे काय उरलं, कोणाला द्यायचं, कोणालाच ठाऊक नव्हतं. माझं तसं होऊ नये.

कलम १. बापाने मला दिलेली तांबडी घोडी, वय बावीस, माझ्यामागे वहिनीची. थोरल्या भावाची नाही. बापाची घोडागाडी दादाने मला न विचारता विकली, ते मी अजून गिळलेलं नाही. घोडी त्याने विकू नये.

कलम २. डॉक्टरांनी घोडीच्या आजाराचं नाव कुशिंग सांगितलं. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. रोज सकाळी एक गोळी, जन्मभर. ती थुंकते, म्हणून काकडीत खुपसून द्यावी.

कलम ३. आजार कळायच्या आधी, उन्हाळा लागला तरी तिचे केस गळेनात, उलट दाट कुरळे झाले. दादा फोनवर म्हणाला, "अरे, काय लोकर आलीय अंगावर! तब्येत सुधारली बघ." वहिनी मागून ओरडली, "पाठ बघा की, हाडं वर आलीत!" मी इथून फर्मान सोडलं, दाणा वाढवा, गूळ द्या. माझ्या पायाला भिंगरी. लांबून माया करायची तर दुसऱ्याच्या हाताने खायला घालायचं, एवढंच जमतं. त्या खुराकाने खूर आतून सुजले. चूक माझी. त्यावरून वहिनीला कोणी बोलू नये.

कलम ४. गूळ, दाणा, हिरवं कुरण बंद. वाळलं गवत तासभर भिजवून, ते गोड पाणी फेकून मग घालावं. केस कातरावेत. दर सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवावं. तोंडाने फाटका आहे, पण हात सरळ आहे. ती बादल्याच्या बादल्या पिते, पिऊ द्यावं. तबेला ओला होतो म्हणून दादाने पाणी तोडू नये.

कलम ५. बँकेतली शिल्लक वहिनीला, गोळ्यांसाठी. माझे नट आवळायचे पाने दादाला. राग आहे, पण अवजार तो नीट ठेवतो.

कलम ६. वहिनी विचारते, "भाऊजी, तिला सोसेना झालं तर तुम्ही येईस्तोवर थांबू का?" दोनदा मी विषय बदलला. आता लिहून देतो. ती पाय टेकेना, खाईना, आणि डॉक्टरांनी नकाराची मान हलवली, तर त्याच दिवशी शेवटची सुई देऊ द्यावी. दादाने तिचं डोकं धरावं, ती त्याला बुजत नाही. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं म्हणतात. हे कलम आजपासून, मी जिवंत असताना लागू. मला यायला तीन दिवस लागतात. माझ्यासाठी तिला तीन दिवस उभं ठेवू नये.

वाचून, दोघांच्या देखत सही केली.
सही: धाकटा

साक्षीदार: १. बराकीचा स्वयंपाकी (सही)
२. क्रेनवाला (अंगठा)

ठिकाण: कामगार बराक, खोली अकरा
तारीख: नऊ, महिना चौथा