ओवाळणीत आलेली मोटार

चि. कौतिकभाऊ,

गाडीतून सगळ्यांत आधी शेवंताबाई उतरल्या, मग त्यांचे मालक जीवरामआबा, आणि शेवटी मुलगा नवल, भुसावळला रेल्वेत आहे तो. आपल्या दिपमालाला, तुझ्या भाचीला, पाहायला आले होते. (आशीर्वाद लिहायचा राहिलाच. तो तुला आणि बेबाबाईला. तुझा गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधतोस ना?) मुलगा मला फार आवडला. तीनदा शेव मागून घेतली, लाजला नाही. आनंदाने माझा पदर डोक्यावर राहत नव्हता. पण गोष्ट लाजेची आहे, म्हणून पत्रात लिहिते आहे. फोनवर तू लगेच हसतोस.

जेवणं झाली तशी आबा म्हणाले, केळीचा बाग बघू. बाग धरणाच्या पाण्यापलीकडे, म्हणून माझ्या पुनाने नाव काढली. तीच, तुझी मोटार लावलेली. गेल्या भाऊबीजेला तू ती ओवाळणीत आणलीस, ताटात मावेना म्हणून पाटावर बसवून मी तिलाच ओवाळलं, आठवतं ना? (तू बाजूला बसायला जागा मागत होतास.) वर्षभर कधी कुरकुरली नाही. दसऱ्यापासून मात्र एकच खोड. जोरात पळवली तर पळते, रेस कमी केली की दोनदा खोकते आणि बंद. आता नाव काठाला लावायची तर हळूच न्यावी लागते ना? पुनाने प्लग बदलला, पेट्रोलात ऑइल मोजून घातलं, नळी फुंकून पाहिली. शेवटी स्क्रू पिळून तिची हळू चालच एवढी वाढवली की गिअर टाकताच नाव उडाली आणि शेवंताबाई (अंगाने भरलेल्या आहेत) थेट आबांच्या मांडीवर जाऊन बसल्या. लग्नाला तीस वर्षं झाली, पण चारचौघांत ही पहिलीच वेळ, असं दोघांच्या तोंडावर दिसत होतं. पुनाने घाबरून स्क्रू उलटा पिळला. मोटार बंद. चहूकडे पाणी, वर ऊन, आणि नव्या साडीला पेट्रोलचा वास.

तेव्हा जीवरामआबा म्हणाले, "भावाने बहिणीला ओवाळणीत भंगारच घातलं की हो!" सगळे हसले. आणि कौतिक, मीही हसले. वर मानही हलवली. ज्याने स्वतःच्या तळ्यातल्या नावेची चालती मोटार काढून मला दिली, त्या भावाचं नाव पाण्यात चाललं होतं, आणि मी पदराने वारा घेत बसले होते.

दिपमाला मात्र ओढणी कमरेला बांधून उठली. (मुलगी पाहायला आलेल्यांसमोर!) तिने कार्बोरेटर खोलला, त्यातला एक बारका पितळी तुकडा काढून उन्हाकडे धरला. त्याच्या सुईएवढ्या भोकातून उजेड दिसेना. मोटार हळू चालते तेव्हा पेट्रोल तेवढ्याच भोकातून येतं म्हणे, आणि ते कसल्याशा पांढऱ्या चिकट थराने बुजलेलं. तू मोटारीबरोबर दिलेल्या हत्यारांच्या डब्यातल्या स्टोव्हच्या पिनेने तिने ते मोकळं केलं. मग टाकी रिकामी करताना आतून काहीतरी हिरवं काढलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुठीत दाबलं. दुसऱ्या डब्यातलं पेट्रोल घातलं, आणि मोटार अशी संथ चालू लागली, जसा जेवून निजलेला म्हातारा घोरतो. नवल तिच्या काळ्या हातांकडेच बघत राहिला. शेवंताबाईंनी तर निघताना विचारलं, आमच्या विहिरीवरची मोटार पण बघशील का गं?

तुझी,
मंजुळाअक्का

ता.क. दसऱ्याला तू फोनवर बजावलं होतंस, मोटारीला नुसतं हळद-कुंकू लाव. लावलं. पण ट्रॅक्टरपुढे नारळ, विळ्यापुढे पेढा आणि ती एकटी उपाशी, हे मनाला लागलं. मग दोन पळ्या पंचामृत टाकीत घातलं, वर तुळशीचं पान. हाई बठ्ठं मीच करेल शे, भाऊ, सगळं माझंच काम.

आणखी एक. भाऊबीजेला येशील तेव्हा एक मुक्काम जास्त कर. तुझ्यादेखत मी आबांना खरं सांगणार आहे. आणि ऐन वेळी माझी जीभ अडकली, तर पंचामृत तूच घातलंस म्हणून सांग. तुझं नाव तर आधीच गेलेलं आहे. पाहुणे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणालेत.