डाव्या हाताचा आठ

१२ डिसेंबर. सकाळी मुलांचा पियानोचा क्लास घेतला. दुपारी कपडे वाळत घातले, मग कोणी आलं नाही.

सर, आज मी एका मुलीचं नाव परीक्षेतून मागे घेतलं. करडी गावाहून वडिलांच्या मोटारसायकलवर येते. तुकडा तोच, ज्यासाठी तुम्ही मला परीक्षेपासून थांबवलं होतं: युरोपातल्या रोमँटिक काळातला, संथ. वडील म्हणाले, "मॅडम, हे तं किती हळू वाजते. कायले अडवून राहिल्या पोरीले?"

तुम्ही प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने दोन आकडे लिहायचात, तो किती अवघड ते दहापैकी, दोन्ही हातांचे वेगळे. ज्या धावत्या तुकड्याला लोक टाळ्या वाजवायचे, त्याला पाच-पाच. बोटं एकदा बसली की हात सवयीने पळतो, म्हणायचात. या संथ तुकड्याला मात्र उजव्याला तीन, डाव्याला आठ. मला पटलं नाही. आठवड्यात बसवून मी तुमच्या पुढच्या खोलीत वाजवून दाखवला. तुम्ही खिडकीशी उभे आहात, हातातला चहा निवतो आहे. "डावा हात झोपला काय वं? खालच्या सुरावरून वर उडी घेते अन् धपकन पडते. गाणं त्याच्याच खांद्यावर हाय. यंदा तुयं नाव नाई देत."

काकू आतून म्हणाल्या, "अजी, पोरगी रडून राहिली ना. बिस्कीट तं द्या."

"बिस्कीट घे. नाव नाई देत."

मी बिस्कीट घेतलं नाही, आणि परत आले नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणातही नाही, दोन गल्ल्या सोडून राहत असून. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या प्रतीवरचा तुमचा आठ खोडला आणि चार लिहिला. नंतर विसरूनही गेले. इतकी वर्षं शिकवताना तुमचेच आकडे वापरत आले, आणि त्यांच्यातच तो चारही राहिला.

आज मुलीने त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, इथं तं चार लिहिलं हाय. म्हणून तं घेतला मी. कोनं लिहिलं?"

वडील दारात उभे होते. मी म्हणाले, "माझ्या सरांनी. त्यांची चूक झाली असेल."

ती वही पिशवीत घालून गेली.

पुढच्या रविवारी तिला खरं सांगायचं आहे. हे पत्र तर कुठे टाकणार. आता पेन्सिलीला टोक केलं, चार खोडला, आठ लिहिला. मग उजवा हात मांडीवर ठेवून नुसता डावा वाजवला. चौथ्या ओळीत धपकन पडला. पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं.