दोन पलटणींत हजेरी

दि. ९ ऑक्टोबर

भावजी,

नमस्कार. जाऊबाईंचा गुडघा आता कसा आहे? तुमचे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तो आतल्या खोलीत यांना ऐकू जातो. ऐकू सगळं येतं त्यांना, बोलता मात्र अजून येत नाही.

राग कशाचा ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितेच. यांना पासष्ट पूर्ण झाली तेव्हा सरकारच्या ज्येष्ठ विम्याचा फॉर्म आला होता. मी तो भरून ठेवला होता, फक्त यांची सही राहिली होती. तुम्ही जेवायला आलात, चष्मा लावून फॉर्म वाचलात आणि म्हणालात, "दादा, आपल्या दोघांकडे फौजेचं मोफत उपचाराचं कार्ड आहे ना? एका माणसाची हजेरी दोन पलटणींत लागत नसते. इथे नाव घातलंस की तिथलं कटलं समज." जन्मभर पलटणीच्या ऑफिसात कारकुनी केलेला माणूस. कागदाच्या बाबतीत तुमचा शब्द आमच्या घरात शेवटचा. यांनी पेनाला टोपण लावलं आणि मुदत निघून गेली.

साफ चूक होतं ते. यांना भरती केल्यावर लष्करी हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या बाईंनी मला दोन मिनिटांत समजावलं. दोन्ही एकत्र चालतात. त्यांच्याकडे गेलं की फौजेचं कार्ड. बाहेर कुठे गेलं की आधी ज्येष्ठ विमा, आणि त्यातून उरेल ते फौज बघते. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" म्हणाल्या. काय सांगणार, कपाळ? तुमचं नाव घ्यायची लाज वाटली मला.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या सकाळी यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. अँब्युलन्सवाल्याने विचारलं, "काकू, कुठे नेऊ? पुढच्या चौकातच हॉस्पिटल आहे." माझ्या हातात नुसतं फौजेचं कार्ड होतं, चौकात ते चालणार नव्हतं आणि तिथल्या बिलाची मला धास्ती वाटली. मी म्हणाले, लष्करी हॉस्पिटलला. दोन तास लागले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, इतका उशीर का केलात.

गाडीत तुम्ही नव्हतात, भावजी, मी होते. चौकातून जाताना त्या हॉस्पिटलचं दार मला दिसलं होतं, सताड उघडं. सहा महिने तुमच्या नावाने खडे फोडले, कारण ते सोपं होतं. म्हणून तुमच्यावरचा राग कमी झाला असं मात्र समजू नका.

पुढच्या महिन्यात तुम्हालाही पासष्ट पूर्ण होतील. फॉर्म सोबत आहे, माहिती मीच भरली आहे. शहाणपणा न करता सही करा आणि पाठवा. उद्या जाऊबाईंना कुणी विचारलं, कुठे नेऊ, तर त्यांना तरी जवळचं हॉस्पिटल सांगता येऊ दे.

तुमच्यावर चिडलेली, आणि स्वतःवर त्याहून जास्त,
वहिनी