खिळा न मारता

अप्पा, आज कचेरीच्या कामासाठी एका खेड्यात गेलो होतो. धान्याची पोती काही दिवस ठेवायला एक खोली हवी होती. एका वयस्क शेतकऱ्याची चांगली कोरडी खोली रिकामी दिसली, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दिली आसती साहेब, पर कौलं लय गळत्यात." मी वर पाहिलं आणि कौलं कशी शाकारावीत, पन्हळ कुठे द्यावी, हे सांगू लागलो. ते मान हलवत ऐकत होते. बोलता बोलता माझी जीभ थांबली. पाऊस कधीच सरला होता. त्यांना खोली द्यायची नव्हती, एवढंच. "राहू द्या, दुसरीकडे बघतो," म्हणून मी उठलो आणि साताऱ्यापर्यंत तुमचाच विचार करत आलो. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. माझी चाळिशी उलटली, आणि तुमच्याशी जे बोलायचं होतं ते अजून तसंच राहिलं आहे.

आपलं निम्मं रान कृष्णेपलीकडे होतं, म्हणून तुम्ही नाव ठेवली होती. वैरण, भाजी, मजूर, सगळं तिच्यातून ये-जा करायचं. दर उन्हाळ्यात तिला काठावर उपडी घालून तुम्ही स्वतः जवसाचं तेल पाजायचात. बाकीचे नावाडी माशाचं तेल लावत. ते लाकडात चांगलं मुरतं असं कुणी सुचवलं की तुम्ही म्हणायचात, "आमच्या नावेला त्येचा वास सोसत न्हाई." आपण जैन आहोत, आपल्याला ते चालत नाही, असं सरळ म्हणता आलं असतं. पण समोरच्याला कमीपणा वाटेल असं बोलायचं नाही, ही तुमची रीत. पाणी गाळून प्यायचात, दिवस मावळायच्या आत जेवायचात, पण त्याचा उच्चार नसायचा. कुणाला नाही म्हणायचं तर त्या नाहीला तुम्ही एखाद्या वस्तूचा आडोसा द्यायचात. बैल दमलाय, किल्ली हरवलीय, नाव सोसत नाही. गावात हे सगळ्यांना कळत असे.

मी पदार्थविज्ञान घेऊन कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा लढाई चालू होती. साताऱ्याच्या पुरवठा कचेरीत जागा निघाल्या होत्या आणि तिथले एक वरचे साहेब सुटीत सांगलीला नातेवाइकांकडे आले होते. मी अर्ज घेऊन भेटायला गेलो. त्यांना गळाने मासे धरण्याचा नाद होता. बोलण्यात आपल्या नावेचा विषय निघाला, की मी काढला, आता सांगता येत नाही. नाही, मीच काढला. संध्याकाळी त्यांना आपल्या सोप्यात आणून बसवलं. तुम्ही दुधाचा पेला घेऊन पुढे येता आहात आणि साहेब सांगताहेत, "दोन गळ टाकले की दोन्ही हात अडकतात हो. नावेच्या कडेला काठ्या आपापल्या उभ्या राहतील असं काही बसवलं, तर मजा येईल."

तुम्ही म्हणालात, "नाव तुमचीच हाय साहेब. पर लाकूड जुनं झालंया. खिळा मारला की चिरंल बघा."

"छे, मग नकोच," साहेब लगेच म्हणाले. "नावेला इजा करून मासे कशाला? मी आपला काठावर बसेन."

विषय तिथे संपला होता. तुम्ही पेला त्यांच्या हातात दिलात. आणि मी म्हणालो, "साहेब, खिळा न मारताही करता येईल." तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. साहेबांनी पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं, आणि मला ते फार हवं होतं.

मी काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे, तरी लिहितो, कारण त्या कामाचा मला गर्व होता आणि आज त्याचीच लाज वाटते. बाभळीचे दोन जाड तुकडे घेतले, एक नावेच्या कडेच्या आत, एक बाहेर. कडेच्या वरून जाणाऱ्या बोल्टाने ते जबड्यासारखे आवळायचे, म्हणजे कड मध्ये घट्ट धरली जाते आणि तिला भोक पडत नाही. बाहेरच्या तुकड्याला बांबूचं नळकांडं तिरकं बांधायचं आणि गळाची काठी त्यात खोचायची. असे दोन केले. लाकूड कापून दिलं ते सुतारमामांनी. ते रंधा मारता मारता तुम्हाला म्हणाले, "काय अप्पा, माशांस्नी आवतान धाडलंसा व्हय पंगतीचं?"

"पंगत त्येंची न्हाई," तुम्ही म्हणालात. "त्येंच्यावर हाय."

मामा रंधा थांबवून हसले. मीही हसलो.

मग नदीकाठी तुम्ही एकेक अडचण काढत गेलात. "बोल्टानं लाकूड दबंल की रं." मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून मध्ये घातले. "भिजल्यावर रबर सरकंल." मी आतल्या बाजूने लांब पट्टी दिली, म्हणजे दाब एका जागी न पडता पसरेल. तुम्ही विचारत होतात, मी सोडवत होतो, आणि तोंडी परीक्षेत सगळी उत्तरं येत असावीत तसा मी फुलत होतो. शेवटी तुम्ही म्हणालात, "म्हंजे समदंच सुटलं की तुझं." ती मला शाबासकी वाटली. निदान मनाशी मी आजवर तसंच म्हणत आलो.

साहेब आले त्या सकाळी तुम्ही पलीकडच्या रानात होता. पुलावरून, लांबच्या वाटेने, चालत गेला होता. नाव मी वल्हवली. दोन्ही काठ्या नळकांड्यांत डौलात उभ्या होत्या आणि साहेब हात मोकळे ठेवून पान जमवत होते. मासा लागला तेव्हा बांबू करकरला, कड तसूभरही हलली नाही. माझं लक्ष कडेवर होतं. आपण वैरण ठेवतो त्या जागी मासा फडफडत होता आणि साहेब कडेवरून बोट फिरवत म्हणत होते, "एक ओरखडा नाही. डोकं आहे तुझ्याकडे." दुपारी मी सगळं सोडवलं, नाव तीनतीनदा धुतली. संध्याकाळी तुम्ही काठावर आलात, कडेवरून तळवा फिरवलात आणि म्हणालात, "व्हय. कुटंच लागलं न्हाई."

त्यानंतर तुम्ही त्या नावेत कधी बसला नाहीत. गड्यांना बसू दिलंत, वैरण येऊ दिलीत, स्वतः मात्र पुलावरून चालत जायचात. काठावरची माणसं थट्टा करत. "अप्पा, दारात नाव आन् तुमी पुलावनं वो?" तुम्ही म्हणायचात, "गुडघं मोकळं व्हत्यात गड्या." मला साताऱ्याला नोकरी लागली. ती नावेमुळे लागली की गुणांमुळे, हे मला माहीत नाही. साहेबांनी कधी तसं दाखवलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आई एकदाच बोलली, भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून, "तुला नोकरी लागली, त्यास्नी चालणं लागलं." मी ताटावरून उठलो नाही. जेवलो. सुटीत आलो की तुमच्याबरोबर पुलावरून चालायचो. तुमच्या डोक्यावर कडब्याचा भारा असायचा. "द्या इकडे," म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "कापडं खराब व्हत्याल तुझी." आणि मी, कपड्यांचीच गोष्ट आहे असं समजून, मोकळ्या हातांनी चालत राहायचो. क्षमा मागायला ती वाट पुरेशी लांब होती, आणि एकदा नव्हे, किती वर्षं ती पायाखाली होती.

रोज रात्री काहीतरी लिहिण्याची सवय मला कॉलेजापासून आहे. त्या दिवसांबद्दलही लिहिलं होतं, आणि त्यात सगळीकडे एकच सूर आहे: मी तरुण होतो, अप्पांचं ‘नाही’ मला ओळखता आलं नाही. आज त्या शेतकऱ्याच्या खोलीतून उठताना स्वतःला हेच सांगितलं, की आता वय झाल्यावर हे कळायला लागलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, कुणी वाचणार नाही, म्हणून इथे तरी नीट लिहितो. मला तेव्हाच कळलं होतं, अप्पा. तुमची शेवटची अडचण मी वर गाळली. तुम्ही म्हणाला होता, "मासा वडंल तवा कड उचकटंल." घरात ‘मासा’ हा शब्दही तुमच्या तोंडी कधी आला नव्हता. तो उच्चारताना तुम्ही अडखळलात, मग बाकीचं वाक्य घाईने संपवलंत, आणि माझ्याकडे पाहत राहिलात. मी खाली पाहिलं. म्हणालो, ओढ कडेवर येऊ नये म्हणून जबडा मधल्या आडव्या फळीला दोरीने बांधू. आणि दोरीचं एक टोक तुमच्यापुढे केलं, "जरा धरा, अप्पा." तुम्ही वाकून ते धरलंत आणि गाठ बसेपर्यंत ताणून उभे राहिलात. दोरी मला एकट्याला आवळता आली असती.