पडक्या कमानींची पाच चित्रं

मी, फर्डिनंड सॅन्टन तुस्कानो, वय ५३, अविवाहित, राहणार नंदाखाल, छापखान्यात चित्रांचे ठसे बनवणारा ब्लॉकमेकर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दबावाविना, स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं आहे, डोक्याचं नाही. धाकटा भाऊ बॅप्टिस्ट यानं त्यावरून वाद काढू नये.

१. घरातला व केळीच्या वाडीतला माझा हिस्सा बॅप्टिस्टला. त्याचा डोळा त्यावरच आहे, म्हणून आधी उरकतो.

२. माझ्याकडे पाच छापचित्रं आहेत. युरोपातली, सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. चोरबाजारातल्या रद्दीत मिळाली. प्रत्येकात पडकी कमान आणि खाली पाणी. बॅप्टिस्टच्या मते हा अपशकुन. माझं लग्न जमलं नाही तेही त्यानं चित्रांच्या माथी मारलं. चित्रं मी चाळिशीनंतर घेतली, हे नमूद करतो.

कमान म्हणजे राजांचा गर्व, तो ढासळतो. पाणी म्हणजे काळ, तो थांबत नाही. पण तेच पाणी गुरं पितात, त्यातच बाई कपडे धुते. हे बॅप्टिस्टला भिंग देऊन दाखवलं. म्हणाला, "बाई दिसली, दादा. पण तिचं घर कुठाय?"

पाचूबंदरला सुकी मासळी आणायला जातो तेव्हा हाच माणूस वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या सावलीत बसून पाव खातो. तिथं अपशकुन होत नाही.

३. गेल्या मे महिन्यात त्याच्या मुलीला, बेटीला, पाहायला पाहुणे येणार होते. मी कामावर असताना त्यानं चित्रं उतरवून विहिरीच्या पंपाशी ठेवली आणि भिंतीवर स्वित्झर्लंडच्या तळ्याचं कॅलेंडर लावलं. पाणी आहे, पडझड नाही, म्हणजे खोटं. पंप सुरू झाला, चित्रं भिजली. पाहुण्यांनी नकार दिला तो दिलाच. कागद बेटीनं उशीच्या अभ्र्यांत घालून वाळवले. बॅप्टिस्ट तिला म्हणाला, "वाळव, वाळव. दादा गेला की बंबात चांगले पेटतील."

म्हणून पाचही चित्रं आणि भिंग बेटीला. ती घरात नकोत असं सांगणारं स्थळ तिनं सोडावं. हा सल्ला आहे, अट नाही.

४. व्यवस्थापक म्हणून आगाशीचे फ्रेमवाले हरेश्वर वर्तक यांना नेमतो. बेटी स्वतः मागायला येईपर्यंत चित्रं त्यांच्या दुकानात राहतील. मयताच्या घरी पाहुण्यांच्या आंघोळीला बंब पेटणारच. तेव्हा बातमी कळताच हरेश्वरांनी यावं. आधी चित्रं घराबाहेर न्यावीत, मग माझी शवपेटी. फादर खोळंबले तर खोळंबू देत.

खालील दोघांसमोर सही केली. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही.

फर्डिनंड सॅन्टन तुस्कानो

साक्षीदार:
एडवर्ड पेद्रू डाबरे, नंदाखाल
बळीराम नारायण म्हात्रे, आगाशी

नंदाखाल, तालुका वसई, जिल्हा ठाणे
१८ नोव्हेंबर १९७९